मोरीपाशी दहा मिनिटं

तात्या,

तुमच्या तीन वस्तू माझ्याकडे राहिल्या आहेत. एक हातपंप, दांड्याला सुतळी गुंडाळलेला. एक निळी बाटली, झाकणावर दातांच्या खुणा असलेली. आणि शेवटच्या माणसानं घालायचं नारिंगी जाकीट, जे तुम्ही एकदाही अंगात घातलं नाही, कारण त्यात आपण बुजगावण्यासारखे दिसतो असं तुमचं म्हणणं होतं. तिन्ही वस्तू पिशवीत भरल्या, यादी करून पिशवीला टाचली. सतरा दिवस झाले, पिशवी माझ्या दारामागेच आहे. या सतरा दिवसांत मी तीनदा लोणी भापकरला तुमच्या घरी आले आणि तिन्ही वेळा ती नेली नाही. विसरले असं नाही. मी विसरत नाही.

पिशवी दिली की सगळं आवरल्यासारखं होईल, आणि आपलं भांडण तर अजून संपलेलं नाही.

पहिल्यांदा तुम्ही आलात तेव्हा तुमचं नाव यादीत नव्हतंच. आमचा बारामतीचा सायकलचा गट तेव्हा सात जणांचा. मला शुगर निघाली म्हणून मी सायकल घेतली, आणि सायकल घेतल्यावर महिन्याभरात सगळ्यांचं वेळापत्रक लावू लागले. ज्युनियर कॉलेजात बावीस वर्षं तेच करते आहे, स्वभाव कुठे जाणार. रविवारी पहाटे लोणी भापकरच्या फाट्यावर आम्ही पाणी प्यायला थांबलो, तर अंधारात एक माणूस काळी, दांडीची, बिनगिअरची सायकल धरून उभा. डोक्याला माकडटोपी, पायात चपला. कुठं निघालाय म्हणून विचारलंत. मी सांगितलं, पुढे माळावर, चढाचा सराव करायला. तुम्ही म्हणालात, "चढायला सराव लागतो व्हय?" आणि आमच्या मागे निघालात.

पणदऱ्याचे बापूराव तुम्हाला ओळखत होते. त्यांच्या अंगाला कायम दुधाचा वास, कारण डेअरीवरचं पहाटेचं संकलन उरकून ते थेट सायकलवर बसतात. त्यांच्या शिवारात तीस वर्षं कालव्याचं पाणी तुम्हीच सोडलेलं. ते माझ्या बाजूला येऊन म्हणाले, "बाई, मागं पाटकरी लागलाय. आता पाळीपाळीनंच चढायचं."

त्या रस्त्यावरच्या तीन चढांना आम्ही नावं दिली आहेत. पहिला रडका, दुसरा रडका, आणि तिसरा इंजेक्शन, कारण तो सुरुवातीला काही वाटत नाही आणि मग खोल जातो. इंजेक्शनवर मी उतरले आणि सायकल ढकलू लागले. पुढच्यांना दिसू नये म्हणून मान खाली. तुम्ही मागून आलात, तुम्हीही उतरलात, आणि काहीतरी सहज सांगावं तसं म्हणालात, "पाटाचं पाणी कधी चढ चढलंय का, बाई? वळसा घालतं. पर टेलच्या, पार शेवटच्या रानापतुर पोचतं." त्यानंतर मी कितीतरी चढ सायकलवरून न उतरता चढले. पण माझ्या आत जो एक चढ होता, सगळ्यांच्या आधी पोहोचायचा, तो मी त्या दिवशी उतरले. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही.

घंटेचं तुम्ही मला बऱ्याच महिन्यांनी सांगितलंत. तुमच्या हँडलला दोरीनं बांधलेली ती पितळी घंटा मेंढराच्या गळ्यातली होती. तिला चीर गेलेली, म्हणून ती ठण् अशी वाजायची नाही. ठक् अशी, पाण्याखाली वाजल्यासारखी. तुमच्या उजव्या गुडघ्यात दम नव्हता, त्यामुळे चढावर एक ठोका पुरा आणि एक अर्धा पडायचा. ठक्, मग थोडं थांबून हलकं ठक्. तो लंगडा ठेका आम्हा सगळ्यांना पाठ होता. लहानपणी वडिलांच्या मेंढरांमागे तुम्ही इंदापूरच्या माळापर्यंत चालत गेला होतात. बाकीचे लोक घंटा म्होरक्या एडक्याच्या गळ्यात बांधायचे. तुमचे वडील ती सगळ्यात मागे राहणाऱ्या लंगड्या मेंढीला बांधायचे.

"म्होरचं जनावर दिसतंच की," तुम्ही म्हणालात. "मागचं दिसत न्हाय. घंटा वाजतीया तवर सगळी म्होरं हायत. वाजायची थांबली की मागं फिरायचं."

आमच्या गटानं हा नियम कधी ठरवून घेतला नाही, तो आपोआप लागला. तुम्ही शेवटी. इंजेक्शनच्या माथ्यावर पाण्याची टाकी आहे, तिथं आम्ही थांबलेले असताना खालच्या वळणावरून घंटा आली की सगळे आले. मी यादीवर खुणा करायची आणि गट निघायचा. तुमच्यासाठी थांबलेलं तुम्हाला आवडायचं नाही, थांबलं की पाय गार पडतात म्हणायचात.

माझी यादी मात्र तुम्हाला कधी पटली नाही. एकदा माळावरच्या वाऱ्यानं माझ्या हातातून कागद उडाला आणि बाभळींच्या झुडपांत शिरला. सगळे हसत उभे राहिले. तुम्ही सायकल स्टँडवर लावलीत, चपला काढल्यात, काट्यांतून अलगद पाय टाकत गेलात आणि भोकं पडलेला कागद माझ्या हातावर ठेवलात. "घ्या, तुमची मेंढरं." त्याच दिवशी मी नियम काढला, की घंटा काही असो, चेहरा दिसल्याशिवाय नावापुढे खूण होणार नाही, तुमच्याही नाही. तुम्ही खूप हसलात. "मला कशाला मोजता, बाई? मी माप हाय. मापाला कुणी मोजतं व्हय?" मी म्हणाले, कॉलेजात शिक्षकाचीही हजेरी लागते. तुम्ही म्हणालात, म्हणूनच पोरं शिकत न्हाईत. नियम मी कागदावर लिहिला, सगळ्यांना पाठवला. आणि तो पहिल्यांदा मोडला तो मीच, तुमच्या बाबतीत. एकदा नाही, दर रविवारी. कारण घंटा यायचीच.

या हिवाळ्यात पसरणीचा घाट चढायचा ठरलं. मी बारा रविवारांचा सराव आखला. प्रत्येक रविवारी किती अंतर, किती चढ, कुठे थांबा, किती मिनिटं, थांब्याचं कारण काय. कारणाचा वेगळा रकाना ठेवला, पाणी, मोजणी, चहा. कारण नसलेला थांबा मी ठेवत नाही. उसाचे ट्रॅक्टर पहाटेपासून गाणी लावून दोन-दोन ट्रॉल्या ओढत असतात, त्यांना वाट द्यायला कुठे डावीकडे उतरायचं हेसुद्धा त्यात होतं. बापूराव म्हणाले, एवढ्या तयारीत लग्न होतं.

पाचव्या रविवारच्या आदल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, तुमचा फोन आला. तुम्ही कधी फोन करत नाही. इंदापूरहून एक नवीन बाई येणार आहेत ना, तुम्ही विचारलंत. मी हो म्हणाले, डॉ. स्वाती, जनावरांच्या डॉक्टर आहेत, पहिल्यांदाच येतायत. मग तुम्ही म्हणालात, "मोरीपाशी एक थांबा घाला की. त्यास्नी दम लागंल."

इंजेक्शनच्या पायथ्याशी ओढ्यावर जी जुनी मोरी आहे, तिथून टाकी दीड किलोमीटर. मी म्हणाले, दीड किलोमीटरवर मोजणीचा थांबा आहेच, मोरीपाशी कशाला? चढाच्या तोंडाशी थांबलं की पुन्हा पाय उचलत नाहीत, हे तुम्हीच सांगता. तुम्ही म्हणालात, "धा मिंटाचा तर हाय." मी वेळापत्रक समोर घेऊनच बोलत होते. म्हणाले, तात्या, बसत नाही. पुढच्या रविवारी बघू. तुम्ही बरं म्हणालात आणि फोन ठेवलात.

दम कुणाला लागत होता हे मी त्या वेळी विचारायला हवं होतं. तुम्ही दुसऱ्याचं नाव पुढे करून स्वतःचं मागणारे आहात, हे मला माहीत होतं. चहासुद्धा तुम्ही बापूरावांच्या नावानं मागायचात.

रविवारी धुकं होतं. फाट्यावर तुम्ही नेहमीच्या जागी उभे होतात. बॅटरीच्या उजेडात माकडटोपी दिसली, डोळे दिसले. ही खूण मी चेहरा बघून केली, तेवढी एक खरी. हँडलकडे मी बघितलं नाही. कशाला बघणार? तुम्ही म्हणालात, "चला, निघा. मी हाय मागं."

पहिला रडका, दुसरा रडका, मोरी, इंजेक्शन. टाकीपाशी पोहोचलो तेव्हा उजाडत होतं आणि खालचा रस्ता धुक्यात बुडालेला. दहा जणांचे चेहरे मी मोजले. सात वाजून बारा मिनिटांनी खालच्या वळणावरून घंटा आली. पुरा ठोका, अर्धा ठोका. पुरा, अर्धा. रेश्मा, जी आमच्याच कॉलेजात भूगोल शिकवते, ती म्हणाली, आले तात्या. डॉ. स्वातींनी मला विचारलं, ही घंटा कसली? मी म्हणाले, आमचे शेवटचे आहेत, आता आम्ही निघायचं. तुमच्या नावापुढे खूण केली, वेळ घातली आणि उतार लागला.

पुढच्या गावातल्या हॉटेलात चहा सांगितला तेव्हा घंटा आली नाही. दहा मिनिटं गेली. बापूराव आणि मी मागे फिरलो. उलटा चढ चढताना मी ऐकत होते. टाकीपाशी कुणी नाही. इंजेक्शनच्या उतारावर कुणी नाही. तुम्ही मोरीच्या कठड्यावर बसलेले होतात, पाठ ओढ्याकडे, दोन्ही हात मांड्यांवर. सायकल शेजारी स्टँडवर नीट लावलेली. शेळ्या घेऊन निघालेली एक बाई तिथं उभी होती. ती म्हणाली, दिवस उगवायच्या आधीपासून हे बाबा असेच बसलेत, मी जाताना हाक मारली, वाटलं डुलकी लागली. मी तुमचा हात धरला. तो किती गार होता हे मी इथे लिहिणार नाही.

घंटा हँडलला नव्हती. त्या वेळी मला ते दिसलंही नाही.

तिसऱ्या दिवशी तुमच्या अंगणात बसले होते. मालनकाकूंना काहीतरी बरं वाटेल असं बोलावं म्हणून म्हणाले, काकू, आम्हाला शेवटपर्यंत त्यांची घंटा ऐकू येत होती.

काकूंनी माझ्याकडे बघितलं. "घंटा कशी ऐकू येईल, बाई? ती तर हितं हाय."

आत खुंटीवर टांगलेली होती. शनिवारी तिची कडी तुटली, काकू म्हणाल्या. सोमवारी बारामतीला नेऊन डाग देऊन आणतो म्हणाले होते. मी उठून हात लावून बघितली. चीर, घासलेला काठ, दोरीचा तुकडा. तीच.

मग काकूंनी विचारलं, "तुमच्या कागदावर त्यांचं काय लिवलंय?"

काकूंना वाचता येत नाही. तो कागद माझ्या पर्समध्ये होता. मी म्हणाले, आहे सगळं लिहिलेलं. काकूंनी मान हलवली, आणि मी तो विषय तिथेच सोडून घरी आले. बावीस वर्षांत मी एकही हजेरी खोटी लावलेली नाही. ही एक लागली, आणि ती कुणाच्या नावापुढे लागली आहे हेही मी काकूंना सांगू शकले नाही.

घरी येऊन मी जे मला येतं ते केलं. कॉपीच्या प्रकरणात मुलांना वेगवेगळं बसवून विचारतात, तसं डॉ. स्वाती सोडून बाकी नऊ जणांना वेगवेगळं विचारलं. टाकीपाशी घंटा ऐकलीत का? सात जण हो म्हणाले. एकाच्या कानात गाणी होती. रेश्मा म्हणाली, मी ऐकली म्हणून तर बोलले. बापूराव चिडले. मी त्यांना चिडलेलं कधी बघितलं नव्हतं. "हे इचारू नका, बाई. ऐकली म्हणलं तर मला घरात एकटं बसवत न्हाय. न्हाय ऐकली म्हणलं, तर मी मग कशाच्या भरवशावर निघालो?"

मी स्वतःला एक उत्तर दिलं होतं, तुम्हालाही सांगते. आमच्या कॉलेजची घंटा एकदा चार दिवस बिघडली होती. दहा पन्नासला तरी सगळी मुलं उठली, आणि विचारलं तर म्हणाली, झाली की घंटा. कानाला सवय असते, तो स्वतःच वाजवून घेतो. तुमची घंटा आम्ही इतके रविवार ऐकली होती की न वाजताही ऐकली. हे उत्तर मी दोन दिवस धरून बसले. मग डॉ. स्वातींचा फोन आला. मी विचारायच्या आधीच त्या म्हणाल्या, मॅडम, त्या दिवसापासून एक सांगायचं राहिलंय. ती घंटा ऐकून मला वाटलं होतं, मागून कुणीतरी जनावर आणतंय, आणि ते उजव्या मागच्या पायानं लंगडतंय. चालीवरून कळतं आम्हाला.

त्या पहिल्यांदाच आल्या होत्या, तात्या. त्यांच्या कानाला कसली सवय?

तुमच्या वडिलांच्या नियमात सगळं होतं. वाजतंय तोवर पुढे जायचं, थांबलं की मागे फिरायचं. घंटा वाजत राहिली आणि मेंढी नसली तर काय करायचं, एवढंच नव्हतं.

दहाव्याला काकूंनी घंटा माझ्या हातात दिली. कुणाकडून तरी डाग देऊन आणली होती. खुंटीवर बरी दिसत न्हाय, घेऊन जा, एवढंच म्हणाल्या. कागदाचं पुन्हा विचारलं नाही. ते मला जास्त लागलं.

गटात दोन मतं होती. बापूरावांचं म्हणणं, यंदा घाट नको. रेश्माचं म्हणणं, आता थांबलो तर पुन्हा कुणी निघणार नाही. सहावा रविवार तसाच गेला. मी सातव्या रविवारचं वेळापत्रक पाठवून दिलं. यादी रेश्माकडे दिली आणि शेवटी मी राहणार असं लिहिलं. घंटा माझ्या हँडलला बांधली.

शेवटी राहणं म्हणजे काय असतं हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत. पुढचे लाल दिवे एकेक करून वळणाआड जातात आणि मग रस्त्यावर आपलाच श्वास राहतो. मागे बघावंसं वाटतं आणि बघण्यासारखं काही नसतं. माझे दोन्ही गुडघे ठीक आहेत, त्यामुळे घंटा माझ्याकडे सरळ वाजत होती, ठक्, ठक्, सारखी. मोरीपाशी मी थांबले. वेळापत्रकात नसताना. कठड्यावर बसले नाही, शेजारी उभी राहिले. ओढ्याला थोडं पाणी होतं. दहा मिनिटं होऊ दिली. निघताना वाटलं, जो चढ तुम्ही त्या दिवशी चढला नाहीत तिथं ही वाजवत जाणं बरं नाही. मी घंटा सोडली, आतला लोलक हलणार नाही अशी रुमालात गुंडाळली आणि माझ्या जाकिटाच्या खिशात घातली. इंजेक्शन मी आवाज न करता चढले.

टाकीपाशी पोहोचले तर एकही जण निघालेला नव्हता. सगळे सायकली धरून खालच्या वळणाकडे तोंड करून उभे होते, आणि मला बघूनही कुणी हललं नाही. रेश्माच्या हातात पेन होतं. माझ्या नावापुढचा चौकोन रिकामा.

"घंटा कधीच आली, बाई," ती म्हणाली. "पंधरा मिनिटं झाली. तुमचा चेहरा दिसला नव्हता, म्हणून थांबलो."

मी विचारलं, कशी वाजत होती? बापूरावांनी हँडलवर बोट आपटून दाखवलं. एक पुरा, एक अर्धा.

मी खिशातून रुमाल काढला आणि सोडून त्यांना घंटा दाखवली. बापूराव कशावरही काहीतरी बोलतात. त्यांनी हेल्मेट काढलं आणि हातात धरून उभे राहिले. मग रेश्मानं माझ्याकडे नीट बघितलं, डोळ्यांत बघितलं, खूण केली आणि वेळ घातली.

परतताना मी एकटी तुमच्या घरी वळले. मालनकाकू अंगणात ज्वारी निवडत होत्या. मी कागद काढला आणि ओळ वाचून दाखवली. तुमचं नाव. फाटा, हजर. टाकी, सात बारा, पोहोचले. म्हणाले, काकू, मी त्यांना बघितलं नव्हतं. घंटेवर लिहिलं. आजही ती सगळ्यांना ऐकू आली, माझ्या खिशात गुंडाळलेली असताना. आणि शनिवारी त्यांनी मोरीपाशी थांबा मागितला होता, मी दिला नाही.

काकूंचे हात सुपातच राहिले. त्यांनी विचारलं, "दिला असता तर?"

मला माहीत नाही, मी म्हणाले. हेच खरं उत्तर आहे आणि ते मला आयुष्यभर पुरणार आहे. तुम्हाला तपासणारे डॉक्टर म्हणाले होते, जीव जायला फार वेळ लागला नसेल. फार म्हणजे किती हे मी विचारलं नाही. सगळं विचारणारी मी, एवढं विचारलं नाही.

काकू रडल्या नाहीत, माझ्यावर रागावल्याही नाहीत. सूप बाजूला ठेवलं, पदरानं हात पुसले. "आज घंटा आली तवा निघाली का माणसं?"

नाही, मी म्हणाले. थांबली होती.

"मग आता घाला थांबा," काकू म्हणाल्या.

त्यांनी आत जाऊन चहा ठेवला. मी अंगणात बसले. तुमची काळी सायकल भिंतीला टेकवून ठेवलेली होती, स्टँडवर नव्हे, कारण स्टँडवर लावायची सवय घरात फक्त तुम्हालाच. मी उठून ती स्टँडवर लावली.

तर आपलं भांडण असं उभं आहे. माप मोजायचं नसतं हे मला आजही पटत नाही. शेवटच्या माणसाचा चेहरा दिसेपर्यंत आमचा गट यापुढे हलणार नाही, घंटा कितीही वाजली तरी. ती वाजू नये असं मात्र मी म्हणत नाही. परवा बापूरावांनी मला हळूच विचारलं, घाटातही येतील का हो? मी म्हणाले, उजवा गुडघा बरा नाही, वळसा घालून येतील.

पिशवी येत्या रविवारी काकूंना देईन. पंप आणि बाटली. जाकीट काढून घेतलं आहे, ते आता मला लागेल. यादीत तशी दुरुस्ती केली.

आठव्या रविवारचं वेळापत्रक आज लावून झालं. टाकी दहा मिनिटं पुढे सरकली, चहा दहा मिनिटं पुढे, परत यायला दहा मिनिटं उशीर. बसलं सगळं, तात्या. एवढंच सरकवायचं होतं. मोरीच्या ओळीत थांबा घातला, दहा मिनिटं. कारणाच्या रकान्यात पाणी लिहिणार होते, ओढा आहेच जवळ. खोडलं. तिथे लिहिलंय, तात्या मागे आहेत.